पांढऱ्या कांचनाचं बी

भर दुपारी, जेवणं आटोपून घर सुस्तावलेलं असताना, वाळत ठेवलेली शेंग फुटते तेव्हा कसा आवाज येतो, ठाऊक आहे तुम्हाला? कोरडा, टणक, एकच ‘तड्’. आणि मागोमाग फरशीवरून काहीतरी चपटं, हलकं, घसरत दूर निघून गेल्याची सरसर. मी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन दिवाणावर पडले होते. दचकून उठले, तर बाल्कनीच्या कट्ट्यावरच्या शेंगेची दोन्ही सालं पीळ पडून एकमेकींकडे पाठ करून बसली होती आणि पोटातलं बी घरभर उधळलं होतं. उन्हात तापलेल्या लाकडाचा असतो तसा एक तुरट वास हवेत रेंगाळत होता. वनस्पतींना आपण मुक्या म्हणतो, अचल म्हणतो. पण आपली संतती अंगणापलीकडे भिरकावून देण्याचं हे सामर्थ्य त्या वाळक्या सालीत कुठून येत असेल? अर्थात त्या क्षणी असला काही उदात्त विचार माझ्या मनात आला नाही, हे आधीच सांगते. मी गुडघे धरत खाली बसले आणि मोबाइलच्या उजेडात दिवाणाखाली, फ्रिजखाली बिया शोधत सुटले. त्यातली एक जरी हरवली असती तरी सुजाताने मला सोडलं नसतं.

सुजाता म्हणजे आमच्याच सोसायटीतली, चौथ्या मजल्यावरची माझी मैत्रीण. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत मी तळमजल्यावर राहते आणि ती वर. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, ती अजून बँकेत आहे. माझ्याहून लहान, बोलायला फटकळ, चालायला वाऱ्यासारखी, आणि रागावली की जिन्यात आवाज चार मजले वाजेल अशी. ती माझ्याकडे येते ती बेल न वाजवता, दारावर थाप मारून, आणि चहा मागत नाही, स्वतः ओट्याशी जाऊन ठेवते. आमच्या ह्यांना पहिल्यांदा हे जरा जड गेलं होतं. आता ती आली नाही तर तेच विचारतात.

तिचं माहेर लातूरकडचं. तिथे तिच्या आईच्या दारात एक पांढरा कांचन होता. शिशिराची पानगळ संपत आली की त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर इतकी शुभ्र फुलं यायची की शेजारपाजारच्या बायका येता-जाता थबकायच्या, असं ती सांगते. आई रोज पहाटे त्यातली चार फुलं खुडून बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायची आणि मगच चूल पेटवायची. ही आई जाऊन वर्ष झालं तेव्हा सुजाता वर्षश्राद्धाला नव्हे, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे पुण्यानुमोदनाला गावी गेली. जाऊन पाहते तो अंगणच नाही. भावाने दोन खोल्या वाढवल्या होत्या आणि कांचन नेमका त्यांच्या आड येत होता. भावाचं काही चुकलं असं तिचंही म्हणणं नाही. त्याची पोरं मोठी झाली, घर लहान पडलं. पण जुन्या पत्र्याच्या पन्हळीत एक शेंग अडकून राहिलेली तिला दिसली. तेवढी तिने काढली, रुमालात बांधली आणि मांडीवर धरून मुंबईपर्यंत आणली.

तिच्या घराच्या खिडक्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीला डोळे लावून बसलेल्या. ऊन म्हणून नाहीच. माझ्या बाल्कनीत मात्र सकाळचं कोवळं ऊन मनमुराद येतं. म्हणून ती शेंग माझ्याकडे आली. “शुभाताई, तूच लाव,” ती म्हणाली, “माझ्या हातून मनी प्लांटसुद्धा जगत नाही.” मी व्यवहाराची गोष्ट सांगितली. म्हटलं, हायवेला एवढ्या नर्सरी आहेत, गुडघाभर वाढलेला पांढरा कांचन रविवारी जाऊन आणू, बियांच्या भानगडीत कशाला पडतेस? “नर्सरीतला कांचन माझ्या आईचा असेल का?” एवढंच ती म्हणाली. आईच्या दारातला पांढरा कांचन तिला पुन्हा फुललेला पाहायचा होता, त्याच वंशाचा, त्याच रंगाचा. दुसरं काही नको होतं. आणि त्यासाठी जगात आता फक्त माझ्या पदरात गोळा केलेल्या त्या मूठभर बिया उरल्या होत्या.

बी कधी तळहातावर घेऊन निरखलंय तुम्ही? कांचनाचं बी चपटं, गोलसर, तपकिरी, अंगाने इतकं नाजूक की फुंकर मारली तर उडावं. एवढ्याशा त्या काळोख्या कुपीत खोड, फांद्या, पानं, फुलं, त्यांच्यावर येणारे भुंगे आणि त्यांच्या सावलीत उभं राहणारं माणूस, इतकं सगळं मावतं तरी कसं? निसर्गाला जागेची टंचाई कधी जाणवतच नाही. आम्हा मुंबईकरांना हा चमत्कार जास्तच कळतो. आम्ही दीड खोलीत संसार मांडलेली माणसं.

रात्रभर कोमट पाण्यात बिया भिजत घातल्या. सकाळी काही तळाशी गेल्या होत्या, काही तरंगत होत्या. तरंगणारं बी पोकळ असतं, ते टाकून द्यायचं, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलेलं. वडील गिरणीत होते, पण हाडाचे कोकणातले शेतकरी. चाळीच्या गॅलरीतही डालड्याच्या डब्यात मिरच्या लावायचे. मी तरंगणाऱ्या बिया वेचून बाजूला काढल्या, तर सुजाताने त्या माझ्या हातातून काढून घेतल्या. “असू दे. त्यांनाही चान्स देऊ,” म्हणाली. पोकळ बियांना चान्स देऊन काय होणार? पण काही माणसांशी काही वेळा वाद घालू नये. दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवल्या होत्या, त्यांना तळाशी भोकं पाडली, माती, शेणखत आणि नारळाच्या शेंडीचा चुरा कालवून भरला, आणि एकेका पिशवीत एकेक बी पेरभर खोल टोचून वर मायेने माती सारली.

मग वाट पाहणं आलं. घाई हा आमच्या उपनगरांचा स्थायीभाव. दूध मागवलं की आलं, जेवण मागवलं की आलं, रिक्षा थोडी उशिरा आली तरी आमचा जीव खालीवर. बियाला यातलं काहीच कळवता येत नाही. त्याला ना ओळख दाखवता येते, ना दटावता येतं. ते आपल्या काळोखात आपल्या गतीने ओलं होत जातं, फुगतं, विचार करतं, आणि मनाला आलं तर उगवतं. संध्याकाळी बँकेतून आली की सुजाता खांद्यावरची पर्स न उतरवता थेट बाल्कनीत. “आलं का?” रोज हाच प्रश्न. शेवटी आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “कोण? पाव्हणो येतलो आसा काय?” मालवण सोडून त्यांना जन्म लोटला, पण चेष्टा करायची तर अजून मालवणीच लागते. सुजाता म्हणाली, “पाहुणा नाही हो, माहेरचं माणूस येतंय.” त्यानंतर ह्यांनी कधी चेष्टा केली नाही. उलट एकदा दुपारी पिशव्यांवर वाकून पाहताना मीच त्यांना पकडलं.

आलं. एका सकाळी मातीला बारीक तडा गेला होता आणि त्यातून एक फिकट हिरवी मान वाकून वर येत होती. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. बाकीच्या कुजल्या, आणि तरंगणाऱ्या बियांचं जे व्हायचं तेच झालं. तीन रोपं म्हणजे चंगळच, असं आम्हाला वाटलं. पण मुंबईची कबुतरं तुम्हाला माहीत आहेत. एक दिवस मी बाजारात जाऊन येते तो त्यातल्या एका महाशयांनी पिशवीत ठाण मांडलेलं आणि रोप त्यांच्या पोटाखाली मोडून पडलेलं. दुसरं रोप गोगलगाईने फस्त केलं. राहिलं एकच. त्या एकाभोवती मी जुन्या चाळणीचं, काठ्यांचं आणि मच्छरदाणीच्या तुकड्याचं असं काही संरक्षण उभं केलं की हे म्हणाले, आता फक्त वॉचमन ठेवायचा बाकी आहे.

त्या एकाला हळूहळू ती खास पानं आली. एकाच देठावर जोडलेले दोन भाग, मधोमध खाच. संध्याकाळ झाली की ती पानं मधल्या शिरेवर दुमडतात, मिटतात. सुजाता ऑफिसातून यायची तेव्हा नेमकी ती वेळ असे. आम्ही दोघी चहाचे कप घेऊन त्याच्यापुढे बसायचो आणि पानं मिटताना पाहायचो. पाहायचो म्हणजे काय, मिटताना ती कधी दिसतच नाहीत. बोलता बोलता लक्ष जातं तेव्हा मिटलेली असतात. “झोपला बघ,” ती म्हणायची, आणि आवाज खाली आणायची. बँकेत दिवसभर ज्या बाईच्या आवाजाने लोक रांगेत सरळ उभे राहतात, ती एका रोपट्यासाठी कुजबुजायची, याची मला फार गंमत वाटे. खरं सांगायचं तर नुसती गंमतच नाही, मला तिचा हेवाही वाटे. माझ्या आईची अशी हातात धरण्याजोगी एकही गोष्ट माझ्याजवळ नाही.

कुंडी पुरेनाशी झाली तेव्हा त्याला जमिनीत लावायचं ठरलं. कंपाऊंडच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, भिंतीलगत मातीचा एक चिंचोळा पट्टा आहे. तिथे कुणाची तरी स्कूटर लागते, म्हणून कमिटीत थोडी खळखळ झाली. सुजाताने मीटिंगमध्ये उभं राहून विचारलं की माती सोसायटीची की स्कूटरची, आणि विषय संपला. लावल्यावर त्याने जणू अंग मोकळं केलं. पाऊस लागला तसा तो सरळसोट वर निघाला. पहिल्या वर्षी कमरेला लागला, दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्याही वर गेला. आता फूल केव्हा, एवढाच प्रश्न. सुजाता मला वारंवार बजावायची की कळी दिसली की आधी मला फोन करायचा, मीटिंगमध्ये असले तरी.

आणि मग दसरा आला.

इथे मला दळवीकाकांबद्दल सांगायला हवं. दुसऱ्या मजल्यावरचे हे काका म्हणजे आमच्या इमारतीचं सणावारांचं खातं. गुढीपाडव्याला गेटला तोरण त्यांचं, गोकुळाष्टमीला हंडीची दोरी त्यांची, कुणाकडे काही कार्य असलं की न बोलावता खुर्च्या लावणारे तेच. कमिटीच्या मीटिंगला मात्र ते कधी फिरकत नाहीत. पहाटे उठून पांढऱ्या गंजीत कंपाऊंडला फेऱ्या मारतात आणि भेटेल त्याला तब्येतीचे सल्ले देतात. माझं आणि त्यांचं फारसं जमत नाही, कारण आम्हा दोघांनाही दुसऱ्याला शिकवायची खोड. पण माणूस मनाने सरळ. दसऱ्याला सोनं वाटायचा मान त्यांनी स्वतःकडे कधीच घेऊन टाकला होता आणि तो त्यांच्याकडून काढून घ्यावा असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आता या सोन्याची एक गंमत आहे. दसऱ्याला द्यायचं ते आपट्याचं पान. पण आपटा मुंबईत कितीसा उरलाय? स्टेशनबाहेर गोणपाटावर जे हिरवे ढीग रचलेले असतात, त्यातलं कितीतरी सोनं आपट्याचं नसतंच. ते असतं कांचनाचं. दोघांचीही पानं जोडपानं, मध्ये खाच. आपट्याचं पान लहान, जाड, खरबरीत. कांचनाचं मोठं, पातळ, मऊ. पाहिलं तर फरक ढळढळीत आहे. पण सणाच्या दिवशी पान पाहतो कोण? आपण देतो, घेतो, खिशात ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी ते वाळून कचऱ्यात जातं. त्या एका दिवसापायी शहरातले किती कांचन ओरबाडले जातात, आणि तेही आपट्याच्या नावाने! आपल्याला जे हवं ते आपण समोरच्यात पाहतो आणि तो कोण आहे हे विचारायचं राहूनच जातं.

त्या सकाळी सुजाता पांढरी साडी नेसून, मुलीला घेऊन विहारात गेली. तिच्या घरी त्या दिवशी सोनं लुटत नाहीत. तिच्यासाठी तो दीक्षेचा दिवस, दसऱ्याहून फार मोठा. पण शेजारधर्म म्हणून कुणी पान दिलं तर ती हसून घेते, आणि दुपारी तिच्याकडची खीर आमच्याकडे येते. मी श्रीखंडाच्या चक्क्याशी झटत होते. आमचे हे पक्कड, पाना आणि लॅपटॉप एका पाटावर मांडून झेंडू वाहत होते. दारावर दळवीकाका, हातात स्टीलचं ताट. “घ्या शुभाताई, सोनं घ्या. आणि यंदा बाजारातलं नाही बरं का, घरचं आहे.” मी पान हातात घेतलं. मोठं, पातळ, मऊ. चक्क्याचे हात तसेच घेऊन मी चप्पल न घालता टाकीकडे धावले.

कांचन उभा होता, पण अंगावर एक पान नव्हतं. वरची पानं हाताला यावीत म्हणून शेंडा वाकवला असावा. तो मधोमध मोडून सालीच्या एका धाग्यावर लोंबत होता. जमिनीवर देठं पडली होती. इतक्या वर्षांची राखण, आणि एका सकाळीत वाट लागली.

मी परत वळले तेव्हा सुजाता गेटमधून आत येत होती. काका ताट घेऊन तिच्यासमोर उभे. मी हाक मारायच्या आत त्यांनी पान पुढे केलं. “घ्या सुजाताताई. आपल्या कंपाऊंडमधलंच आहे, एकदम ताजं.” तिने दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. नेहमीसारखी हसली. मग हातातल्या पानाकडे पाहिलं. ते तिने उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि मधल्या शिरेवर हळूच मिटवून पाहिलं. “काका,” ती म्हणाली, “हे कुठनं तोडलंत?” काका उत्साहात टाकीकडे बोट दाखवून मोकळे झाले. “तिथे आपटा लावलाय ना कुणीतरी, चांगला वाढलाय. म्हटलं, सगळ्या इमारतीला पुरेल.”

मी ज्या भाषेत काकांना बोलले ती इथे लिहीत नाही. ते बिचारे पुन्हा पुन्हा म्हणत होते, अहो जोडपान म्हणजे आपटाच की, आम्ही लहानपणापासून हेच पान वाटतोय. मी फोनवर दोन्ही पानांचे फोटो काढून त्यांच्या नाकासमोर धरले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. “म्हणजे आत्तापर्यंत सगळं...” एवढं म्हणून थांबले. मग सुजाताकडे पाहिलं आणि ताट तसंच घेऊन निघून गेले. इमारतीच्या ग्रुपवर त्यांनी सकाळीच सोन्याच्या ताटाचा फोटो टाकला होता आणि त्याला सगळ्यांनी हात जोडले होते. संध्याकाळी तो फोटो तिथे नव्हता.

एरवी एवढ्यातेवढ्यावरून जिना दणाणून सोडणारी सुजाता त्या दिवशी मात्र नुसती टाकीजवळ गेली, लोंबणारा शेंडा सोडवला, माझ्या घरी येऊन खुर्चीत बसली, आणि तो मांडीवर ठेवून रडली. पांढऱ्या साडीवर हिरवट रसाचे डाग पडले. “आईचं एवढंच होतं गं माझ्याकडे,” ती म्हणाली. मी तिच्यासाठी चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून मीही रडले. आमचे हे बाहेर जाऊन झाड पाहून आले आणि दारातूनच म्हणाले, “झाड आसा ता. फुटतला परत.” दोघींनीही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

झाडं आपल्या विश्वासावर थोडीच जगतात? दिवाळी गेली, थंडी पडली, टाकीशेजारी ती काठी तशीच. मी पाणी घालत राहिले, सवयीने. मग एका सकाळी खोडाच्या बगलेत लालसर ठिपका दिसला. दुसरा दिसला. शेंडा गेला म्हणून जी ऊर्मी वर जायची ती आता चहूबाजूंनी फुटत होती. उन्हाळ्यापर्यंत एका खोडाची चार-पाच खोडं झाली, पावसाळ्यात ती पसरली, आणि जो सडपातळ वृक्ष व्हायचा होता त्याचं एक डेरेदार, अघळपघळ झुडूप झालं. स्कूटर आपोआप दुसरीकडे लागू लागली. मोडण्यातून विस्तारही होतो, हे मी मुलांना नद्यांच्या बाबतीत शिकवायचे. मुख्य प्रवाह अडला की नदीला फाटे फुटतात. दारच्या झाडात ते पाहायला निवृत्त व्हावं लागलं. आणि पुढच्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या झुडपाला एक पुठ्ठा बांधलेला दिसला. लाल रंगात, मोठ्या अक्षरांत, ‘हा आपटा नाही. हात लावू नये.’ अक्षर दळवीकाकांचं. सोनं त्यांनी त्या वर्षी वाटलंच नाही. घरोघरी जाऊन नुसता नमस्कार करून आले. सुजाताच्या दाराशी ते थोडे जास्त वेळ थांबले, पण काय बोलले ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माघात पानं पिवळी पडून गळू लागली. काका रोज फेरी मारताना थांबून बघायचे आणि चिंता करायचे. मरतोय की काय, म्हणून त्यांनी मला दोनदा विचारलं. मी त्यांना पानगळ शिकवली. त्यांनी चक्क ऐकून घेतली. मग उघड्या फांद्यांच्या टोकांना टोकदार हिरवट कळ्या धरल्या. सुजाताला मी फोन केला, ती मीटिंगमध्ये होती, तरी उचलला. त्यानंतर ती रोज बँकेत जाताना वाट वाकडी करून टाकीकडून जायची. कळ्या फुगत होत्या. मिटलेल्या कळीवरून आतला रंग काही कळत नाही.

पहिलं फूल उमललेलं पाहिलं ते काकांनी, सकाळच्या फेरीत. त्यांनी मला हाक मारली नाही. लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर गेले आणि सुजाताची बेल वाजवली. मला तिच्या सपातांचा आवाज आला म्हणून मीही बाहेर आले. ती अर्धी वेणी हातात धरून उतरली होती, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. आम्ही तिघं झुडपासमोर उभे राहिलो. कोवळं ऊन नुकतंच भिंतीवरून खाली येत होतं आणि त्या उन्हात, उघड्या फांदीच्या टोकाला, एकच फूल पाच पाकळ्या पसरून उमललं होतं.

ते पांढरं नव्हतं. फिकट जांभळट गुलाबी होतं, आणि एका पाकळीवर गडद किरमिजी रेषा होत्या.

भूगोलाची असले तरी एवढं मला माहीत असायला हवं होतं. फांदी लावली तर तेच झाड पुन्हा उगवतं, बी लावलं तर नवं. शेंग धरायची तर कुठून कुठून भुंगे येतात. गावात कुणाच्या परड्यात गुलाबी कांचन असेल, त्याचा पराग कुणी वाहून आणला, कुणी ठेवला, कोण सांगणार? पन्हळीत अडकलेल्या त्या शेंगेतच हा रंग होता. दूध-पिशव्यांपासून टाकीपर्यंत, कबुतरं, गोगलगाई, दसरा, सगळ्यातून आम्ही हाच रंग जपत आणला होता, आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही पांढरा जपतोय. आईचा कांचन कायमचा गेला होता, आणि तो आत्ता, या क्षणी, सुजाताच्या डोळ्यांसमोर जात होता. माझी तिच्याकडे पाहण्याची हिंमत होईना. “काय सुंदर रंग आहे ना ताई?” काका म्हणाले. त्यांना काय माहीत.

सुजाता पुढे झाली. वेणी सुटली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने फुलाखाली तळहात धरला, तोडलं नाही, नुसता धरला. “आईचा पांढरा होता,” ती म्हणाली. मी म्हटलं, “हो गं.” दुसरं काय म्हणणार?

मग तिच्या खांद्यांत काहीतरी हललं आणि मला वाटलं, आता ही रडणार. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसतही होती. “मी तरी कुठे आईवर गेलेय, शुभाताई?” ती म्हणाली. “हे नाक, हा तापटपणा, हा आवाज, सगळं अण्णांचं. आई रोज म्हणायची, पोरगी बापावर गेली, माझं काहीच उचललं नाही हिने. रोज म्हणायची, आणि रोज पोटाशी धरून निजवायची.” तिने फुलाच्या देठाला बोट लावलं. “हाही मेला बापावर गेलाय. म्हणून काय आईचा नाही?”

तिने ते फूल खुडलं. आईने खुडलं असतं तसंच, वरचेवर, फांदीला धक्का न लावता. मला म्हणाली, आज लेट मार्क लागणार, आणि मोकळ्या केसांनी, ओंजळीत फूल धरून, लिफ्टची वाट न बघता जिना चढून गेली. तिच्या घरातल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे त्या दिवशी गुलाबी फूल होतं.